त्या दिवशीचा पिवळा झेंडा

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इथे आम्ही मामा-भाची मजेत आहोत. तुझी लेक वर्षात दोन इंच वाढली आणि तिचं तोंड चार इंच. घरी मी मामा आणि शाळेत पीटीचा सर, पण माझं ऐकायचं कुठे, हे तीच ठरवते. तू सांगितल्याप्रमाणे रस्त्याकडच्या खिडकीची फट बुजवली. तिचा दम्याचा पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता चालू आहे.

आधी चांगली बातमी. काल डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. चिऊने नळीत फुंकर मारली आणि काटा वर्षभरात गेला नव्हता इतका वर गेला. बाईंनी तीनदा फुंकायला लावलं, तिन्ही वेळा तेवढाच. दमा आटोक्यात आहे, म्हणाल्या. हवा चांगली असेल त्या दिवशी, आधी पंप घेऊन, खुशाल धावू दे. मला इतकं हायसं वाटलं की तिथल्या बाकावर मटकन बसलो.

पत्र इथेच संपवावं असं फार वाटतंय. पण बाईंनी पुढे एक प्रश्न विचारला.

मागच्या वर्षी झटका आला तेव्हा हवा नेमकी कशी होती? कागदावर तर लिहिलंय, लाल झेंडा असताना धावली. चिऊ खाली मान घालून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

आमच्या शाळेची पद्धत तुला माहीत आहे. चौकातल्या पाटीवर हवेचा आकडा येतो, तो बघून मी मैदानावर झेंडा चढवतो. हिरव्याला सगळ्यांनी खेळायचं, पिवळ्याला दमा असलेल्यांनी बेताने, लालला सगळे वर्गात. त्या सकाळी शाळा अजून भरायची होती, मैदानावर आम्ही दोघंच. आकडा मधला होता, म्हणून मी पिवळा चढवला. हवेला जळक्या रबराचा वास येत होता आणि समोरची पाण्याची टाकी धुरकटात दिसत नव्हती. हे मला कळत होतं. पण हातात आकडा असल्यावर नाकाला कोण विचारतो? चिऊ म्हणाली, धावू का? मी म्हणालो, धाव, पण हळू.

पाटीवरचा आकडा गेल्या चोवीस तासांची सरासरी असतो, हे मला नंतर समजलं. पहाटे कचरा डेपोला आग लागली होती. त्या तासाची हवा लालच्याही पलीकडची होती, पण आदल्या दिवशीची चांगली हवाही सरासरीत धरल्यामुळे आकडा सौम्य दिसत होता. धुरातले सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि छातीत खोलवर जातात. तिसऱ्या फेरीला ती गुडघ्यांवर हात टेकून थांबली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

नुसती एवढी चूक असती तर तुला त्याच दिवशी सांगितली असती. मी तिला पायरीवर बसवलं, पंप दिला, रुग्णवाहिकेला फोन केला. आणि ती येईपर्यंत जाऊन पिवळा उतरवला, लाल चढवला.

मग सगळे हेच म्हणाले, की लाल झेंडा असताना पोरगी धावली. तू फोनवर तिला फैलावर घेतलंस, तिचं मैदान बंद केलंस, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. वर्षभर ती बाकावर बसून धावणाऱ्यांच्या बाटल्या सांभाळते आहे. मला फार लाज वाटते, ताई.

काल मी डॉक्टरबाईंना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. बाहेर आल्यावर मी चिऊला विचारलं, तू बघितलं होतंस?

"हो. पायरीवरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे हात थरथरत होते, मामा. मला वाटलं, तुलापण झटका येतोय."

आज शाळेत मोठ्या बाईंपुढे कबूल केलं. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर पुन्हा सांगायला लावलं. व्यासपीठावरून खाली उतरलो तेव्हा छाती मोकळी झाली होती. आता आधी त्या तासाचा आकडा बघायचा, मग वास घ्यायचा, आणि टाकी दिसलीच पाहिजे. आजपासून झेंड्याच्या वहीत माझ्या सहीखाली चिऊची सही लागते. पहिल्याच सहीला तिने भाव खाल्ला, नाक वर करून दोन मिनिटं हवा हुंगत उभी राहिली.

आज हिरवा होता. सही करून ती गुमान बाकावर जाऊन बसली, बाटल्या सांभाळायला. तुझा शब्द तिने मोडलेला नाही, तेव्हाही मोडला नव्हता.

मी तिला सांगू शकलो असतो. पण माझ्या सांगण्यावरून ती एकदा धावली आहे. मला हवं तेवढं बोल, पत्रात बोल, फोनवर बोल. त्याआधी तिला फोन कर आणि एवढंच म्हण: धाव.

लाल झेंडा चढवणारा,
तुझा धाकटा भाऊ