बर्फाआधीचं वर्षश्राद्ध

वडीगोद्री, ता. अंबड
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. मोनालीस,
आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तू पुण्याला नीट पोचलीस हे फोनवर कळलं, पण फोनवर माझं बोलणं कसं होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, मी हो-हो करतो आणि फोन तुझ्या आत्याच्या हातात देतो. म्हणून लिहायला बसलो. नोकरीत कालव्याच्या पाण्याचे अहवाल लिहिले, तेवढीच माझी लिहिण्याची सवय. कमीजास्त सांभाळून घे.

कापसाची वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत, म्हणून तुझी आत्याच सकाळी जाऊन येते. मोसंबीची गळ थांबली. धाकट्या पप्पूचं हायवेवरचं पाइपचं दुकान बरं चाललं आहे. हल्ली रात्रीचं जेवण तो घरी येऊन आमच्यासोबत जेवतो. आधी जेवत नव्हता.

दिवाळीत निघताना तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. फेब्रुवारीत औलीला तुझा बर्फावरच्या स्कीइंगचा पुढचा कोर्स आहे आणि "मामा, तुम्ही दोघं आलात तरच मी जाईन, नाहीतर नाव काढून घेते," असं तू म्हणालीस. तेव्हा घर भरलेलं होतं. दुःखाची दिवाळी म्हणून सगळे पाहुणे येऊन बसले होते. त्यांच्यासमोर मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही.

तू गेल्यावर त्यावर बरंच बोलणं झालं. तुझ्या आत्याची मोठी बहीण, धावड्याची चांगुणाबाई, दोन दिवस जास्त राहिली होती. पट्ट्या बांधून बर्फावर घसरायचं आणि त्याला शिकवणी लावायची, हे तिच्या डोक्यात काही शिरेना. म्हणाली, "घसरायला इतक्या लांब कशाला जाती? न्हाणीत साबण टाक म्हणावं. फुकटात होतंय." तुझ्या आत्याला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं. मग एकदम तिने तोंडाला पदर लावला आणि उठून आत गेली.

आता उत्तर. सोमेश्वरचं वर्ष फाल्गुनात पूर्ण होतं. तोवर घरातलं कोणी देवाला जात नाही, कोणाच्या लग्नाला जात नाही, मग बर्फ बघायला कसं जायचं? लोकांचं मी एक वेळ सोडून देईन, पण माझ्या मनालाही ते जड जातं. तेव्हा आमचं नाही असं समज. पण तू नाव काढू नकोस. तू जा. तू गेलेली आम्हाला चालेल.

एक विचारायचं होतं. मागच्या दोन्ही वेळेस तो तुझ्यासोबत आला होता. त्याला तर पायाला पट्ट्या बांधायच्याच नव्हत्या. मग तू वर असताना तो दिवसभर खाली काय करायचा? व्हिडिओ कॉल लावून आम्हाला नेहमी तुलाच दाखवायचा. डोंगरावरून एक लाल ठिपका खाली यायचा आणि तो म्हणायचा, ती बघा तुमची सून. तुझी आत्या म्हणायची, मला तर मुंगी दिसून राह्यली. तो स्वतः मात्र कधी दिसलाच नाही.

सवड झाली तर कळव. तब्येतीला जप.

तुझे मामा,
बद्रीनाथ


वडीगोद्री
दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. मोनालीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू फोन न करता पत्रच लिहिलंस, बरं केलंस. मी ते दोनदा वाचलं आणि एकदा तुझ्या आत्याला वाचून दाखवलं.

सोमेश्वर तिथे चहाच्या टपरीपाशी तुझे साधे बूट मांडीवर घेऊन बसायचा, बुटांना ऊब राहावी म्हणून. इथून नेलेली मोसंबी बर्फात पुरून गार करायचा आणि आल्यागेल्याला खायला द्यायचा. तू पडलीस की टपरीवाल्याला म्हणायचा, "बघा, पडली तरी कशी सरळ पडली." हे आम्हाला काहीच माहीत नव्हतं. घरी तो चार शब्द बोलायचा नाही, माझ्यासारखाच. आणि तिथे अनोळखी माणसांना मोसंबी सोलून देत होता.

वाचून झाल्यावर मी शेतात गेलो. परत येताना सरळ मार्तंडगुरुजींच्या घरी गेलो आणि वर्षश्राद्ध अलीकडे घेता येतं का म्हणून विचारलं. गुरुजींनी पंचांग हातात घेतलं आणि म्हणाले, "कार्य धरलंय का घरात?" घरात लग्न निघालं तरच आपल्याकडे वर्ष आधी उरकून घेतात, हे तुलाही माहीत असेल. मी म्हणालो, लग्न नाही. सुनेला बर्फावर जायचं आहे आणि आम्हाला तिच्यासोबत जायचं आहे.

त्यांनी चष्मा काढला. सहलीसाठी वर्ष अलीकडे घेतल्याचं त्यांनी तरी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता रागावतील. पण म्हणाले, "बद्रीनाथराव, लग्नासाठी तरी का घेतात? गेलेल्यापायी राहिलेल्याचं अडू नये म्हणून. तुमच्या सुनेचं अडलंय ना? मग घ्या."

तिथी मार्गशीर्षातली निघाली. दिवस फोनवर सांगतोच. रजा मिळाली तर ये.

मी तुला आधी रीतीचं कारण सांगितलं होतं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. मला भीती होती की तिथे गेलो तर तो नाही हे जास्त दिसेल. आता वाटतं, तो जिथे बसायचा तिथे आपणही एकदा बसून बघावं. तू जाशील म्हणून आम्ही येतो असं मनात धरू नकोस. मलाच यायचं आहे.

आता गंमत ऐक. गुरुजी कोणाला काही बोलले नाहीत, पण आचारी सांगितला, पाहुण्यांना फोन गेले आणि गावभर झालं की आमच्या घरी लग्न आहे. लग्न कोणाचं, तर पप्पूचं, दुसरं कोण आहे? आठवड्यात दोन ठिकाणचे लोक येऊन गेले. पिंपळगाव रेणुकाईचे तर मुलीचा फोटो आणि पत्रिकाच घेऊन आले. मी त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं, तर पप्पूने मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाला, "अण्णा, इतक्या जल्दी न्हाई म्हणू नका. आल्तेत तर बसू द्या. चहाचा खर्चा माझ्याकडं." दुसऱ्या दिवशी केस कापून आला.

तुझ्या आत्याची तयारी जोरात आहे. पॅन्ट घालणार नाही म्हणून तिने आधीच जाहीर केलं. बर्फात चालायची सवय व्हावी म्हणून पप्पूचे पाणी द्यायचे गमबूट घालून सकाळी पाटाच्या कडेने फेऱ्या मारते, आणि जिथे चिखल आहे तिथूनच मुद्दाम जाते. पप्पू म्हणाला, "आई, तिथं बर्फ राहतो, चिखल न्हाई." तर म्हणते, "घसरणं तर तेच हाय न?" रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात. तिला त्याचं काही नाही. देवळाचं मात्र तिने विचारून घेतलं. औलीकडचं बद्रीनाथाचं देऊळ थंडीत बंद असतं म्हटल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग हेच दर्शन."

तुमच्या बर्फावरच्या ग्रुपमधले ऋषी यांचे दोन फोन आले. पहिल्या वेळेस तुझ्या आत्याच्या गुडघ्याचं विचारलं. चेअरलिफ्टमध्ये बसताना पाळणा थांबत नाही, तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी धरावं लागेल, ते आपण बघू म्हणाले. दुसऱ्यांदा आमच्या पायांची मापं विचारली. मग लोकरीचे मोजे आले. तुझी आत्या ते घालूनच झोपते. बोलण्यावरून माणूस चांगला वाटतो. एवढंच.

तुझे मामा,
बद्रीनाथ


वडीगोद्री
दि. २० डिसेंबर २०२५

चि. मोनालीस,
आशीर्वाद.

तुझा पोचल्याचा निरोप मिळाला. त्या दिवशी सगळं नीट पार पडलं. पप्पूने पिंड ठेवले तेव्हा कावळा लगेच शिवला. तू पाहिलंसच. मी इतका वेळ उभा राहायच्या तयारीने गेलो होतो की मला पुढे काय करावं ते सुचलंच नाही.

तू तीनच्या गाडीने निघालीस. त्यानंतरची एक गोष्ट तुला सांगायची आहे. तुझी आत्या तुला फोनवर सांगणार नाही. मी सांगितलेलं तिला चालेल की नाही, तेही मी विचारलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर घरच्या बायका ओसरीत बसल्या होत्या. मी अंगणात आचाऱ्याची भांडी मोजून देत होतो. चांगुणाबाईने सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "द्वारके, आता तरी सांग. पप्पूला पोरगी कुठली केली?" बाकीच्याही थांबल्या. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

तुझी आत्या म्हणाली, पप्पूचं अजून काही नाही. मोनालीला बर्फात जायचंय म्हणून वर्ष उरकलं. त्यावर कोणीतरी हसलं. चांगुणाबाई हसली नाही. ती म्हणाली, लोक वर्ष लग्नासाठी उरकतात. तू सहलीसाठी उरकलं म्हणून सांगशील तर तोंडात शेण घालतील.

तेव्हा तुझी आत्या जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"लगनासाठी उरकतात न? मंग मोनालीचं लगन झालं तरी बराबरच हाय. तिचं वय हाय का असं बसून राह्यचं? माझा लेक गेला. त्याच्यामागं तिला बशिवली तर तो परत येतो का?"

मी भांडं हातात धरून तसाच उभा होतो. मोनाली, या विषयावर आम्ही दोघं आजवर एक शब्दही बोललो नव्हतो. मला वाटायचं हे फक्त माझ्याच मनात आहे आणि ते तिला कळलं तर तिला सहन होणार नाही. तिला वाटत असणार की मला होणार नाही. एका घरात राहून आम्ही हे एकमेकांपासून जपत होतो.

चांगुणाबाई बराच वेळ सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, "बर्फात तुला धरायला कोण हाय? हा तुझा नवरा? त्यालाच धरावं लागतंय. मी येते." तेव्हा आता न घसरणारी माणसं आम्ही तिघं झालो. तू आत्यासाठी आणलेली थंडीची टोपी तिने घालून बघितली आणि रात्रभर काढली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

त्या दिवशी भाजी निवडताना तू सहज म्हणालीस की ऋषी या वेळेस येत नाहीत, त्यांना रजा नाही. मी तेव्हा बरं म्हणालो. पण त्याच्या चारच दिवस आधी त्यांचा मला फोन आला होता. आवाजावरून वाईट वाटत होतं. तुम्ही तिकडे गेल्यावर कोणाकडे काय मागायचं, दवाखाना कुठे आहे, सगळं सांगितलं. मी तुम्ही का येत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काका, तुम्ही सगळे घरचे असताना मी नसलेलं बरं, असं मोनालीला वाटतं. तिचं बरोबर आहे." रजेचं ते काही बोलले नाहीत.

तुझं तसं वाटणं मला समजतं. आम्ही त्याच्या जागी बसायला येणार आणि तिथे दुसरं कोणी असावं, हे तुला बरं दिसलं नसणार. पण आम्ही तुझी राखण करायला येत नाही. ऋषी तुझे कोण, हे मी विचारत नाही. कदाचित कोणी नसतील, कदाचित तुलाच अजून ठाऊक नसेल. लग्न करावंच असंही आमचं म्हणणं नाही. फक्त आमच्याकडे बघून कोणाला ये म्हणायचं राहू नये. तेवढ्यासाठीच वर्ष अलीकडे घेतलं असं आता मला वाटतं, घेताना हे कळलं नव्हतं तरी.

जालन्याहून दिल्लीपर्यंतची सचखंड एक्सप्रेसची तिकिटं पप्पूने काढली. पुढची गाडी तू ठरवलीच आहेस, त्यात चांगुणाबाईची एक जागा वाढव. ऋषींना मी फोन करू शकलो असतो, पण तो मी करणार नाही. तो तू करायचा. नाही करावासा वाटला तरी आम्ही येऊ, आणि त्यावरून तुला कधी काही विचारणार नाही.

तुझी आत्या म्हणते, पोरीला सांगा, पहिल्या दिवशी जपून. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच वाटतं की तू वरून निघालीस की आम्हाला शोधत बसू नकोस. पुढे बघून ये. आम्ही खालीच बसलेलो असू.

सोमेश्वरचे, पप्पूचे आणि तुझे,
अण्णा