पाण्याशिवाय चाळीस वर्षं

२ मार्च १९५९
सुंदरेश, आमचे दिवटे चिरंजीव, मद्रासहून नव्या परदेशी गोळ्या घेऊन आले. मनाच्या उदासीवर म्हणे. उदास कोण आहे इथे? दोन महिने अंथरुणातून उठलो नाही, ती रेस्ट होती. गोळी घेतो, पण फक्त त्याची बडबड थांबावी म्हणून.

२० मार्च, सकाळी
उठलो, नाहलो. गोळ्यांमुळे नव्हे, विलपॉवर. मठाने रामनवमीच्या कीर्तनाचा विडा पाठवला, तो घेतला. म्हणजे शब्द दिला. चाळीस वर्षांत कीर्तनाच्या गादीवर पाण्याचा थेंब घेतला नाही मी. आणि मेहुणा रघुनाथ! दर अभंगाला चेंबूभर, अख्खा तांब्याभर, पाणी ढोसतो. कीर्तनकार की म्हैस?

२६ मार्च
पंधरा दिवस तोंडाला कोरड. जीभ टाळूला चिकटते. पानाचा चोथा तोंडात तसाच फिरतो. पानवाली शिवकामी शिळी पानं देते, दुसरं काय! बाजारात उभं राहून तमिळमध्ये झापलं. ती म्हणाली, अख्खं कुंभकोणम् हीच पानं खातं, थुंकी तुमची आटलीय. उद्धट बाई. उद्यापासून पानं साक्कोट्टैहून.

३० मार्च
साक्कोट्टैची पानंही शिळी. सगळा जिल्हाच नासलाय.

४ एप्रिल
डॉक्टर हनुमंतराव म्हणाले, थोडं गोळीमुळे, थोडं वयामुळे. लाळेच्या ग्रंथी मंदावतात. गोळी सोडू नका, घोट घोट पाणी प्या. वय? सदुसष्ट हे काय वय झालं? मूर्ख माणूस. आजपासून रोजची गोळी मोरीत. अंबुजाला सांगायचं नाही. बायको आहे, लगेच मुलाला कार्ड टाकेल.

९ एप्रिल
तोंड ओलं! लिंबाचं लोणचं बघूनच पाणी सुटलं. सायन्स हरलं. आख्यानाची तालीम उद्यापासून.

१० एप्रिल
तालीम उद्या.

१३ एप्रिल
उठलो नाही. मुद्दाम. आवाज जपतोय.

१४ एप्रिल
अंबुजा ताट घेऊन दोनदा आली. उगाच रडू नकोस म्हणून खेकसलो. म्हणाली, मी कुठे रडते, रडताय तुम्ही.

रामनवमी, दुपारी
पहाटे अंबुजाने धोतर, अंगरखा काढून ठेवला. बघत पडून राहिलो. पाय खाली ठेववेना. शेवटी ती विडा उचलून भावाकडे, रघुनाथकडे, गेली. घेतलेला विडा दुसऱ्याच्या हाती! आमच्या घरात असं कधी झालं नाही. मेलो असतो तर बरं.

रामनवमी, संध्याकाळी
कीर्तन आटोपून रघुनाथ आला. गळ्यात हार, हातात तो चेंबू. टोमणा मारेल म्हणून भिंतीकडे तोंड केलं. उशाशी बसला. म्हणाला, भावोजी, माझं तोंड आठ वर्षांपूर्वीच वाळायला लागलं. वय झालं, पण कीर्तन सोडवेना, म्हणून पाणी ठेवतो. मग त्याने अंबुजाकडून गोळी मागून घेतली आणि चेंबूसकट माझ्यापुढे केली.

घेतली. चेंबू रिकामा केला.

गादीवर नव्हतो, अंथरुणात होतो. नियम मोडलेला नाही.