डिस्प्ले नसलेला प्रोसेसर

आई, घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचा आहे आणि मला भीती वाटतेय. तू हसशील. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे वायरवाला फोन होता, तुला प्रोसेसर म्हणजे काय ते कसं सांगू? कॉम्प्युटरचा मेंदू म्हण, दुकानदार तरी तसंच म्हणतात. मी हल्ली घरूनच एका आर्किटेक्टसाठी इमारतींचे नकाशे काढते. जुनं मशीन काम करता करता थिजून बसायला लागलं, म्हणून रविवारी नवऱ्याला घेऊन कल्याणला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. नवऱ्याने रिक्षात मोबाइलवर व्हिडिओ बघून घेतले आणि उतरला तो तज्ज्ञ होऊनच.

दुकानदार भला माणूस होता. "काम काय करता ताई?" त्याने विचारलं. नकाशे म्हटल्यावर त्याने काउंटरवर दोन प्रोसेसर मांडले, एक साधा आणि एक भारी. भारीवर बोट ठेवून म्हणाला, "हा घ्या, नकाशे पळतील नुसते. फक्त याच्यात डिस्प्ले नाहीये. वेगळं कार्ड टाकावं लागेल. नाहीतर काय होतं, मशीन चालतं एकदम ओके, पण दिसत काहीच नाही." नवऱ्याने विचारलं, "मग चालू आहे हे कळणार कसं?" "पंख्याचा आवाज येतो ना. कान द्यायचा." दोघं हसले. मी काउंटरची कड धरून उभी राहिले आणि किमतीचा कागद वाचत असल्याचं सोंग केलं.

कारण तू तशीच होतीस. सगळं व्यवस्थित चालू आणि दिसत काही नाही. मी आठवीत असेन. डोंबिवलीच्या आपल्या खोलीत तू ओट्याशी उभी आहेस, मोहरी तडतडायची थांबली की कांदा टाकतेस, भांड्याकडे बघतही नाहीस. मला वही ठेवायला जागा हवी म्हणून मी साखरेचा डबा सरकवते, तर तू गर्रकन वळून म्हणतेस, "डबा हलवू नकोस गं, मी हरवते." मी तोंड वाकडं केलं. स्वयंपाकघरात कुणी हरवतं का, असं वाटलं मला. मानपाड्याच्या औषधांच्या कारखान्यात तू गोळ्यांची पाकिटं तपासायचीस. त्याच वर्षी एके दिवशी दुपारीच घरी आलीस. बाबांनी विचारलं तर म्हणालीस, "कंटाळा आला, सोडलं." रिकामी पाकिटं तुझ्या नजरेतून सुटत होती हे पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, कडेकडेने अंधार येत जातो, मधलं तेवढं दिसत राहतं, मग तेही नाही. हा आजार मुलांकडेही जाऊ शकतो, असं डॉक्टर बाबांना हळू आवाजात सांगत होते. मी दाराशीच उभी होते.

आता ऐक. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा माऊसचा बाण हरवतो. सगळ्यांचाच कधीमधी हरवतो म्हणा, पण मला तो शोधायला मान फिरवावी लागते. दिवेलागणीला जिना उतरताना पाय चाचपडतो. दाराची चौकट सारखी खांद्याला लागते आणि नवरा म्हणतो, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" ठाण्याला डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नंबर लावते आणि रद्द करते. तपासलं नाही तोवर काही नाही, अशी माझी समजूत घालते मी. ती सकाळी पटते. संध्याकाळ झाली की पटत नाही.

यात प्रोसेसरचा काय संबंध, असं तू विचारशील. आहे. डोळे टिकणार असतील तर भारी हवा. जाणार असतील तर साधा पुरे, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो आता कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याला फारशी ताकद लागत नाही. दुकानदाराने विचारलं, "किती वर्षं वापरणार ताई? चार-पाच वर्षं काढायची असतील तर भारीच बरा." चार-पाच वर्षं. मी म्हटलं, "बघते." आणि त्या शब्दानेच मी रडायच्या बेतात आले. परत येताना नवरा म्हणाला, "अगं, भारीच घेऊन टाक. प्रोसेसर घ्यायचाय, जावई नाही शोधायचा. एवढी कसली घाबरतेस?" मी हसले. माझं हसणं त्याला खरं वाटलं.

लोक अजून तुझं कौतुक करतात. न दिसता घर कसं सांभाळलं म्हणतात, आणि मीही त्यांच्यात मान डोलावते. पण घरात कुणी नाही असं समजून तू दुपारी भिंतीला तळवा लावून नुसती बसायचीस, ते मी पाहिलंय. तुझा चेहरा तेव्हा एखाद्या लहान मुलीसारखा घाबरलेला असायचा. आई, मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नसते. तुला आलेली पत्रंही मीच वाचून दाखवायचे, तेव्हा हे पत्र धाडलं तरी तुला वाचून कोण दाखवणार? राहू दे इथेच, जुन्या मशीनमध्ये.

आज दुकानदाराचा फोन आला. मी त्याला भारीच प्रोसेसर द्यायला सांगितला, कार्डासकट. नवरा खूश झाला, त्याचंच ऐकलं असं त्याला वाटलं. डोळ्यांचा काही भरवसा वाटला म्हणून नाही घेतला, आई. साधा घेतला असता तर त्याने का म्हणून विचारलं असतं.