वंशावळीत नसलेली लेक

६ जाने., सोम.
राजेश्वर गावी संगप्पाअण्णांकडं गेले, बँकेची एजंट म्हणून कर्जाचे कागद घ्यायला. त्यांचं कापडाचं दुकान भाड्याचं. मालक म्हणतोय पाडव्याला खाली करा. म्हणून घरापुढं स्वतःचे दोन गाळे बांधायचे. घर त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. त्यांच्या आईनं, अव्वांनी, शेंगाच्या पोळ्या वाढल्या. "लेकीनं उदगीरहून पाठवल्यात. खा, भाषणाला बळ लागतंय." बायकांच्या हक्कांवर मी गावोगाव बोलते, ते त्यांना ठाऊक. दोन खाल्ल्या. वर तूप.
घरी येऊन फाइल लावली. वंशावळीत वारस दोनच: आई आणि एक मुलगा.
मग पोळ्या कुणी पाठवल्या?

७ जाने.
फोन केला. "अण्णा, वंशावळीत तुमच्या बहिणीचं, महादेवीअक्काचं नाव?"
"ती दिल्या घरची, म्याडम. साडी-चोळी केली, हक्क सुटला. गावात सगळ्यांचं असंच हाय."
"मग हक्कसोडीचा कागद?"
"बहिणीला कागद मागू? परत तोंड दाखवायचंय मला तिला! अन् बँक विचारंना, तुम्ही कामून विचारायलाव?"
बँकेचा वकील कलबुर्गीत बसून कागद बघतो. घर मी बघते. बँकेनं माझ्यावर विसंबायचं आणि मी पोळी खाऊन गप्प राहायचं? खोट्याच्या पायावर भिंत उभारायची आणि दारावर 'शुभ-लाभ' लिहायचं!

९ जाने., गुरु.
सं.अण्णा माझ्या ऑफिसात आले. चहा घेतला नाही. "माईकवर वाघीण, अन् आमच्या कामात काडी घालायलाव. दुसरा एजंट बघू का?"
"बघा," मी म्हणाले.  ते गेल्यावर औरादची जुनी फाइल आठवली. घरामागच्या वाटेवरून शेजाऱ्याशी वाद होता, तो मला ठाऊक होता, तरी मी गप्प बसले होते. कर्ज मिळालं. मग शेजारी कोर्टात गेला, बांधकाम अर्ध्यावर. तो कर्जदार अजून मला बघून रस्ता बदलतो. बँकेला फसवलं असं वाटलं होतं. फसवलं त्यालाच.

१० जाने.
सं.ना आधी कळवलं, मग बँकेत गेले. फाइलीवर हातानं लिहून दिलं: अर्जदाराला एक विवाहित बहीण आहे, वंशावळीत नाव नाही.
मॅनेजरनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं कळलं?"
"पोळ्या खाल्ल्या म्हणून."
हसले. फाइल परत दिली, नामंजूर केली नाही. नवी वंशावळ आणायची, सोबत बहिणीचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र. नाहीतर कर्जावर तिचीही सही.
"आणि ती नाही म्हणाली तर?"
"तर नाही."
बरोबर आहे. तरी जिना उतरताना पाडवाच डोळ्यापुढं.

१२ जाने., रवि.
सं. फोन उचलत नाहीत. अव्वांचा आला. "त्याला बोलू नको बाई. वंशावळ करताना तलाठ्याला मीच म्हणले, लेकीचं नाव घालू नको. कागदावर आलं की भावंडांत भांडण लागतंय."
भाषणात मी अशा आयांना किती झोडपलंय. आज 'बरं अव्वा' म्हणून फोन ठेवला.
संध्याकाळी उदगीरहून फोन. महादेवीअक्का. "बापाच्या घरात माझं नाव घालायला बँक लागली व्हय?"
"सही कराल?"
"आधी नाव तर घाला. मग बघू. गाळे दोन हायत म्हणं?"
फोन ठेवल्यावर एकटीच हसले.

१६ जाने.
नवी वंशावळ झाली. अव्वा, महादेवी, संगप्पा. थोरली म्हणून तिचं नाव आधी. तलाठ्याला तसं स्वतः संगप्पाअण्णांनी सांगितलं!
आत्ता त्यांचा फोन. अक्का सोमवारी येणार. सही करणार का गाळा मागणार, काही बोलली नाही.
"तुम्ही बी या म्याडम. मला तिच्यापुढं शब्द सुचायचे न्हाईत."
"तुम्हीच विचारा, अण्णा. पहिल्यांदा विचारणार आहात, अडखळलं तरी चालतंय."
जाईन. फाइल घेऊन कोपऱ्यात बसेन. बोलणार मात्र नाही.