आर्याला ताप, मला पाठ

सोमवार, ४ ऑगस्ट

१. सकाळी आर्याला ताप. शंभर पॉइंट चार.
२. पहिल्या तासाला कॅम्पसवरच्या शाळेत माझा बीएडचा गुणांचा पाठ होता. आठवी, विज्ञान.
३. नवऱ्याला, राजसला म्हटलं, आज तू रजा घे. "ऑफिसात रिलीज आहे गं! आजचाच दिवस सापडला?"
४. मी आर्याला औषध पाजलं. ताप उतरला.
५. कॉलेजच्या कॅम्पसवरच्या पाळणाघरात सोडलं. तापाचं सांगितलं नाही.
६. पाठ झाला. बरा झाला.
७. वर्गाबाहेर येऊन फोन चालू केला. पाळणाघराचे पाच मिस्ड कॉल. ताप पुन्हा चढला होता.

तापातलं मूल आणायचं नाही, या नियमाखाली माझी सही आहे. तिथे आणखी आठ मुलं. दोन तर रांगणारी!

मंगळवार, ५ ऑगस्ट

घरी. पेज भरवली. आर्या तीन वर्षांची आहे. "स्वल्प, स्वल्प" म्हणत वाटी पुढे करते. म्हणजे थोडं, थोडं. हे कन्नड पाळणाघरातलं.

उद्या प्राचार्यांनी बोलावलंय. पाळणाघर गेलं तर बीएड गेलं. घरून, सर्जापूर रोडवरून, येलहंकाला कॉलेजात तिला नेईन, पण तिथे ठेवायची कुठे?

चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. नोकरी सोडली तेव्हा राजस हसला होता — "हो की मास्तरीण! अर्धा दिवस तर काम." शिकवायचं आहे, एवढंच मला नक्की माहीत होतं. अजूनही तेवढंच आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

प्राचार्य महानंदा मॅडम बेळगावच्या. माझ्याशी मराठीत बोलतात. पाळणाघर सांभाळणाऱ्या अनुसूया अक्काही बसल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. ते जास्त लागलं.

"औषध पाजून आणलीस काय?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"खरं बोललीस ते बरं झालं. तुझ्या आधी चौघींनी हेच केलंय. एका बापानंपण! मुलीचे वडील कुठं असतात?"

"सर्जापूर रोडला. आयटीत आहेत."

"पत्ता नाही विचारला गं मी."



आर्याचं पाळणाघर बंद केलं नाही. पुन्हा असं झालं तर मात्र करतील. पाठाच्या दिवशी मूल आजारी पडलं तर अक्कांना आधी सांगायचं — कॅम्पसच्या दवाखान्यात नर्सजवळ वेगळी खाट मिळते. नाहीतर पाठ पुढे ढकलतात, गुण न कापता. दोन्ही सोयी आधीपासून आहेत! मी विचारलंच नव्हतं. ऑफिसात अडचण सांगितली की पुढचं चांगलं काम दुसऱ्याला जायचं. ती सवय इथे घेऊन आले.

"आणि रोज एवढं लांबून कशाला येतीस? लेकुरवाळ्या विद्यार्थ्यांसाठी क्वार्टर आहेत. एक रिकामी होतीय."

"नको," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

बाहेर आल्यावर अक्का मोडक्या हिंदीत म्हणाल्या, तुझा फोन लागेना म्हणून यजमानांना केला. त्यांनी उचलला. "उसकी मम्मी को करो" म्हणाले.

राजसने हे मला सांगितलेलं नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

विचारलं.

"अगं, कॉलवर होतो. तू होतीस ना तिथेच."

"वर्गात होते. पाठ चालू होता."

"मग? दहा मिनिटं थांबला नसता पाठ?"

भांडण झालं नाही. तो आर्याला खांद्यावर घेऊन हॉलभर नाचला. ती खिदळत होती. तो चांगला बाप आहे — रात्री आठनंतर.

रविवार, १० ऑगस्ट

आर्या ठणठणीत. माझे सहा पाठ बाकी.

सोमवार, ११ ऑगस्ट

मॅडमकडे गेले. न बोलावता. क्वार्टर घेते म्हटलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि किल्लीसाठी शिपायाला हाक मारली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

राजसला पाठवलं —

"आर्या आणि मी एक तारखेपासून कॅम्पसवर राहणार आहोत. दोन खोल्या आहेत. किल्ली मिळाली. तू येणार असशील तर तुझं नाव द्यावं लागेल. तुला ऑफिस लांब पडेल, माहीत आहे. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव."