कर्व्ह करण्याआधी

१९ एप्रिल २०२५, आर्णी

नाक चुकले. पुन्हा!

अतुल, माझ्या धाकट्या भावाचा, श्रावणचा मुलगा. स्टँडजवळ त्याचे फ्लेक्सचे दुकान आहे. श्रावणचा चेहरा काढायला काल त्याने माझ्या संगणकावर चित्राचे सॉफ्टवेअर टाकून दिले. फुलसावंगीच्या विहारात बुद्धपौर्णिमेला शिला बसायची आहे. विहार उभारणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांची नुसती नावे. जे नाहीत त्यांचा कोरलेला चेहरा आणि नावाआधी 'कालकथित'. समितीचा नियम निःसंदिग्ध आहे. श्रावण कोणत्या बाजूला, हे मात्र त्या नियमाने ठरत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी तो वणीहून कोळशाचा ट्रक घेऊन निघाला. चंद्रपूर रस्त्याच्या कडेला ट्रक सापडला, कुलूपबंद. तो सापडला नाही. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानावा, असे कायदा सांगतो. युक्तिवाद मीच केला. न्यायालयाने मान्य केला. निकाल ऐकून त्याच्या पत्नीने, रुखमाबाईने, एवढेच विचारले होते — "पण दादा, पाह्यलं कोनं?"

मी तिला कलम वाचून दाखवले. ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

२१ एप्रिल

पेन टूल. क्लिक केले की बिंदू पडतो. ओढले की त्याला दोन बाजूंनी दांड्या फुटतात. दांडी लांबली की रेष फुगते. फोटो आपोआप ट्रेस करून पाहिला, तर श्रावणच्या जागी शाईचा डाग! म्हणून हाताने.

अतुल पाहून हसला. "मोठेबाबा, हे काय मुंग्या सोडल्या तुमी! बिंदू कमी टाका. जितके कमी, तितकी रेष सफाईदार."

न्यायालयात याच्या नेमके उलट असते.

२४ एप्रिल

फोटो एकच. विहाराच्या पायाभरणीचा. श्रावण दुसऱ्या रांगेत, उजवा कान कुणाच्या तरी टोपीआड. डाव्या कानाची प्रत काढून उलटी केली आणि उजवीकडे बसवली. हे साम्यावरून केलेले अनुमान झाले, पुरावा नव्हे. तरी बसवली.

चेहरा आता बरा दिसतो. कुणाचा, ते विचारू नये.

२७ एप्रिल

'फाईल कर्व्ह करून द्या,' असा यवतमाळच्या दगड कोरणाऱ्या मशीनवाल्याचा, रजतचा, निरोप. जी रेष आधीच वक्र आहे तिला आणखी कर्व्ह काय करायचे? अतुलला विचारले.

"रेषेले नाही, अक्षराले. कर्व्ह केलं का अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होते. त्याच्याकडं आपला फाँट नसला तरी मात्रा-वेलांटी फुटत नाही. पण मंग टाईप करून बदलता येत नाही. जे हाय ते हाय."

हे बोलणे अतुलकडून रुखमाबाईच्या कानी गेले असावे. संध्याकाळी तिचा फोन. "दादा, नाव करा, गाव करा. तो एक शब्द कर्व्ह करू नका. ते आल्यावर काय म्हनतीन?"

'आल्यावर.' मी कायदा सांगितला. ती म्हणाली, "कायद्याले माह्या घरी बोलावलं कोनं?"

मी तिच्यावर रागावलो नाही. आवाज चढला होता, इतकेच.

३० एप्रिल

समितीचा तगादा. चेहरा द्या, नाहीतर नुसते नाव कोरतो. नुसते नाव म्हणजे हयात. दगडावर असत्य विधान कोरू देणे मला अशक्य आहे. अतुल माझ्या आणि आईच्या मध्ये सापडला आहे. चहा न घेता गेला.

३ मे

रुखमाबाई स्वतः आली. पडद्यासमोर बसली. मग बोट उजव्या कानावर.

"हा कान त्यायचा नाही."

का नाही? — मी.

"गाडीच्या मागच्या फाळक्याचा हूक लागला होता ना. पाळी फाटेल होती खालून."

मी कधी पाहिली नाही, म्हटले.

"कशी पाहासान? तुमच्यापुढं कानावरचा दुपट्टा सोडलाच नाही कधी. म्हने, दादा वकील हाय, उलटतपासणी घेतीन!" हसली. अतुलही हसला. मग एकदम थांबली.

होती, म्हणाली होती ती. फाटेल होती. इतकी वर्षे तिच्या तोंडी 'आहेत', 'येतीन', 'आल्यावर'. क्रियापदांकडे माझे लक्ष असते. या वेळी तिचेही गेले.

पदराने पडदा पुसला, धूळ नसताना. "लिहा तो शब्द. पण कान नीट करा."

ती गेल्यावर अतुलने 'कालकथित' टाईप केले. मला माझे म्हणणे मान्य झाल्याचे समाधान वाटायला हवे.

४ मे

प्रत पुसली. पाळीशी रेष तोडली. तीन बिंदू. दुपट्ट्याआडचा कान काढतो आहे.

७ मे

अक्षरे कर्व्ह केली. फाईल यवतमाळला पाठवली. रुखमाबाईला कळवले. "बरं," एवढेच.

८ मे

रजतचा फोन. "काकाजी, उजव्या कानापाशी पाथ ओपन राह्यला, रेष जुळली नाही. दोन बिंदू जोडा, नाही तं मशीन चेहरा भरून नाही राह्यली."

पाहतो, म्हटले.

'राह्यला' हे क्रियापद चूक आहे. तो मी ओपन ठेवला आहे.