साडेचारला बंद पडणारं मशीन

घरून, ४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ., आणि पाठीत एक हलकी चापट.

तुझं मशीन पुन्हा बसलं. सुटीत आलीस, प्रोसेसरला टाच मारून त्याचा वेग वाढवून गेलीस. वीस तासांचं काम अकरा तासांत होईल म्हणालीस. आता अकरा कसले, सातसुद्धा पुरे होत नाहीत. सकाळी दहाला आईची टेप साफ करायला लावतो, संध्याकाळी बघतो तर पडदा काळा आणि दिवा विझलेला. सात दिवसांत पाच वेळा.

वाचाउपचाराच्या बाई २८ तारखेला येणार आहेत. झटका आल्यापासून आईच्या तोंडून शब्द फुटलेला नाही, पण समजतं तिला सगळं. तिचाच जुना आवाज स्वच्छ ऐकवला तर जीभ वळायला मदत होईल, असं बाईंचं म्हणणं. आपल्याकडे तिचा आवाज एवढाच उरलाय: कामावर जाण्याआधी ती तुझ्यासाठी शुद्धलेखन भरून ठेवायची ती टेप. मागे पंख्याची घरघर. माझे कान बॉयलरने कधीच खाल्ले, मी ती घरघर काढणार कशी? सगळी भिस्त मशीनवर.

फोन मला ऐकू येत नाही आणि तुमच्या दुर्बिणीपाशी फोन चालत नाही. चांगली जोडी जमली आहे आपली. तेव्हा मशीनचं निदान पत्रानेच कर.

मशीन चालो न चालो, आशीर्वाद चालू आहेत.
बाबा


दुर्बीण केंद्र, ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. आईलाही.

दोष माझा असण्याची शक्यता मोठी आहे. वेग वाढवल्यावर मी दोनच तास चाचणी घेतली. बारा तास घ्यायला हवी होती. गाडी पकडायची होती, पण ते कारण होत नाही.

टपालाची गाडी इथे आठवड्यातून एकदा येते, म्हणून सगळं एकदम लिहिते. तुम्ही मात्र एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी पेटीची बाजूची झडप उघडी ठेवा आणि तापमान बघत राहा. नव्वदच्या वर गेलं तर उष्णतेने बंद पडतंय. मग मी डेस्कटॉपवर ठेवलेली चाचणी रात्रभर लावा. तिच्यात एकही चूक निघाली तर वीज कमी पडते आहे. एवढं करूनही बंद पडलं तर सोबतच्या कागदाप्रमाणे वेग उतरवून मूळचा करा. काम लांबेल, पण होईल.

आणि दर वेळी किती वाजता बंद पडलं ते वहीत लिहा. अंदाजे नको. मशीन स्वतः नोंद ठेवतं, तिथून उतरवून घ्या.

बदली माणूस एप्रिलशिवाय येत नाही. मी निघू शकत नाही.

लोभ आहेच, पत्रात कमी दिसतो एवढंच.
मोजपट्टी


घरून, १३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, नेहमीच्याच मापाने.

सगळं शिस्तीत केलं. झडप उघडली, शेजारी टेबलफॅन लावला. तापमान चौऱ्याहत्तरच्या वर गेलं नाही. रात्रभर चाचणी चालली, चूक शून्य. दुसऱ्या दिवशी टेप लावली, तर मेलं पुन्हा बंद! मग वेगही उतरवला. आता कासवाच्या चालीने चालतं आणि तरीही मान टाकतं.

वेळा घे: चार वीस, चार पस्तीस, चार पंचवीस, साडेचार. चारला मी फिरायला जातो ना, तेव्हाच. मी समोर असलो की गुणी, पाठ वळली की वांड. तुझ्यावर गेलंय.

आईची खबर चांगली आहे. काठी घेऊन या खोलीतून त्या खोलीत चालते. मी मशीनपाशी बसलो की दारात येऊन उभी राहते, काठी आपटते. मी अंगठा दाखवतो, होतंय होतंय. तिलाही घाई झालीय बिचारीला. पाटी दिली तर बाजूला सारते, डाव्या हाताने लिहायची लाज वाटते.

दिवस पंधरा उरले. हात टेकले बघ मी.
बाबा


दुर्बीण केंद्र, १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र आत्ता मिळालं. ड्रायव्हरकाका चहा पीत आहेत, त्यांच्याच हाती हे देते.

प्रोसेसर अस्थिर असेल तर तो घड्याळ बघून बंद पडत नाही. तो चुका टाकतो, निळा पडदा दाखवतो, पुन्हा सुरू होतो. तुमच्या मशीनचा दिवा विझलेला असतो. बटण चार सेकंद दाबून धरलं की असंच होतं.

टेपचं काम लावताना मी एक खूण करून ठेवली होती: तुकडा साफ करायची प्रत्येक फेरी झाली की तो वाजवून दाखव. माझ्या सवयीने केली. घरात कोणाला ऐकू येतं आणि कोणाला येत नाही, याचा विचार केला नाही. एका तुकड्याच्या पंचवीस फेऱ्या होतात. शुद्धलेखनात आई प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची. म्हणजे एक वाक्य पन्नास वेळा.

दोष प्रोसेसरचा निघावा असं मला वाटत होतं. तो मी इथून दुरुस्त करू शकले असते. आईला वेगळं लिहावं तर तेही तुम्हीच तिला वाचून दाखवणार.

एकच करा. काम चालू असताना स्पीकरवर तळवा ठेवा. मग आईशेजारी जाऊन बसा.

मोजपट्टी


घरून, १ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

लिहायला दहा दिवस हात धजला नाही.

तळवा ठेवला. स्पीकर थडथडत होता. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं. मशीन चालू आहे का ते बघताना मीच पिळलं असणार. मला कसं कळणार? तीन आठवडे, दिवसाचे सहा-सात तास.

आईला विचारलं. ती उठली, काठी टेकत मशीनपाशी गेली, बटणावर अंगठा ठेवला आणि दिवा विझेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग पाटी स्वतःच मागून घेतली. डाव्या हाताने बराच वेळ लिहीत होती. लिहिलं ते असं: मशीनमधल्या त्या बाईला गप्प कर.

आवाज बंद केला, तुझी खूण काढली, वेगही परत वाढवला. अकरा तासांत काम पुरं झालं, एकदाही अडलं नाही. तुझं काम चोख होतं. २८ तारखेला बाईंनी टेप लावायला घेतली तशी आईने भिंतीकडे तोंड केलं. बाई म्हणाल्या, जबरदस्ती नको.

तेव्हा टेप तयार आहे. मला ऐकू येत नाही आणि तिला ऐकायची नाही. एप्रिलमध्ये आलीस की दार लावून तू ऐक. पंख्याची घरघर गेली का, तेवढं मला कागदावर लिहून दे.

बाबा